कृषिमंत्र्यांना खुले पत्र : शेडनेट मिळालं, आता आतल्या झाडाचं निदान करणारा माणूस द्या

माननीय कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात २० गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये ढोबळी मिरची घेतो. मिरची या भागाला नवी नाही. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार आपल्याला माहीत असेलच. नवी आहे ती जाळीखालची नाजूक ढोबळी, आणि ती इथवर आली शासनाच्या अनुदानामुळे. फलोत्पादन अभियानातून शेडनेटच्या मान्य खर्चाचा निम्मा वाटा मिळत आला. २०१८ पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेडनेट उभी केली. पाच एकर कोरडवाहू कपाशीवर जे कुटुंब चालत नव्हतं, ते अर्ध्या एकरावर चालू शकतं हे आम्ही अनुभवलं आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

पण अनुदान देताना पाइप मोजले जातात, जाळी मोजली जाते, ठिबकचे फोटो अपलोड होतात. आत झाड आजारी पडलं की त्याला नेमकं काय झालंय हे जागेवर येऊन सांगणारं मात्र शासनाचं कोणी नाही. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आहेत, पण त्यांच्याकडे इतकी गावं, इतके पंचनामे आणि इतकी पोर्टलं आहेत की मिरचीचं पान उलटून बघायला त्यांनी वेळ कुठून आणायचा? मग आम्ही रोगट पान पिशवीत घालून औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार पान बघतो आणि तीन बाटल्या काउंटरवर ठेवतो. आमच्या मिरचीचा दवाखाना सध्या तोच आहे.

मिरचीची पानं आकसली की गावात सगळे म्हणतात, कोकडा आला. पण पान आकसण्याची निदान तीन कारणं आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा. फुलकिडे, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडी, असतील तर पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखं दिसतं. पांढरा कोळी असेल तर कडा खाली वळतात, पान अरुंद आणि कडक होतं, शेंडा थांबतो. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर झाड खुजं राहतं आणि त्याला कुठलंच औषध नाही, ते उपटून नेटबाहेर नेऊन नष्ट करायचं असतं. कोळी तर कीटकच नाही, आठ पायांचा जीव आहे तो. कीटकांवरची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांसारखी जहाल फवारणी केली, तर कोळ्याला खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. काही शे रुपयांचं ते भिंग आणि ते कसं वापरायचं हे जाणणारा माणूस वेळेवर आला, तर हजारोंची चुकीची फवारणी वाचते.

भुरी या बुरशीच्या रोगाचंही तसंच. द्राक्षावरची भुरी पानाच्या पृष्ठभागावर वाढते. मिरचीवरची भुरी वेगळ्या जातीच्या बुरशीची असते. ती पानाच्या आत शिरून वाढते. वरून पिवळे डाग दिसतात, पान उलटलं की खाली पांढरी भुकटी. ती भुकटी दिसते तेव्हा बुरशी आत शिरून बरेच दिवस झालेले असतात. मग पानं गळतात, फळं उघडी पडतात आणि उन्हाने त्यांच्यावर पांढरट चट्टे उठतात. असा माल व्यापारी बाजूला काढतो. गंधक हा स्वस्त आणि जुना उपाय, पण तो रोग शिरण्याआधी मारायचा असतो आणि तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की गंधकाने पानं करपू शकतात. फेब्रुवारी सरता सरता आमच्या नेटमध्ये दुपारी तो आकडा सहज मागे पडतो. म्हणजे गंधक कधी मारायचं, कधी थांबवायचं, खालची पानं कधी काढून हवा खेळती ठेवायची, हे त्या आठवड्याचं हवामान आणि ते झाड बघूनच ठरवावं लागतं. छापील घडीपत्रिकेत ते मावत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचं एक सांगते. पाणी नेटमध्ये शिरलं आणि ओसरलं. पंचनाम्याच्या दिवशी झाडं हिरवी उभी होती, म्हणून नुकसान कमी लिहिलं गेलं. आमच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर निचरत नाही. पुढच्या काही दिवसांत खोडं जमिनीलगत काळी पडून झाडं ओळीने माना टाकायला लागली. ती मर पंचनाम्यात कुठेच नाही. मुळं उकरून बघणारा कोणी जाणकार त्या आठवड्यात आला असता, तर त्याची नोंद तरी झाली असती.

आता बाटल्यांविषयी. तीन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच रासायनिक घटक असू शकतो. शेतकऱ्याला वाटतं आपण औषध बदललं, प्रत्यक्षात तोच घटक पुन्हा पुन्हा पडतो आणि फुलकिडे त्याला सरावतात. मग मात्रा वाढते, दोन-तीन औषधं एका पंपात जातात. बाटलीच्या लेबलवर कोणत्या पिकासाठी, कोणत्या किडीसाठी, किती मात्रा आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे लिहिलेलं असतं, पण अक्षरं इतकी बारीक की चांगल्या नजरेच्या माणसालाही वाचवत नाहीत. त्यात तिखट मिरचीसाठी मान्य असलेलं प्रत्येक औषध ढोबळीसाठी मान्य असतंच असं नाही, हे तर काउंटरवर कोणीच सांगत नाही. ढोबळीसाठी मान्य असलेल्या औषधांचीच वेगळी यादी, घटकांच्या नावांसह आणि तोडणीआधीच्या दिवसांसह, मोठ्या मराठी अक्षरांत दर हंगामाआधी निघावी आणि ती प्रत्येक दुकानात दर्शनी भागात लावणं सक्तीचं करावं.

हे मी जास्त तळमळीने लिहिते आहे, कारण नेटमध्ये काम करणाऱ्या बहुतेक बायाच आहेत. फवारा पुरुष मारतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीला, बांधणीला, फुटवे काढायला बाया आत जातात. शेडनेट बंदिस्त असतं, वारा फिरत नाही, औषधाचा वास तसाच कोंडून राहतो. तोंडाला पदर, हात उघडे, कधी कडेवर लेकरू. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तेव्हा फवारणाऱ्याच्या सुरक्षेची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. फवारलेल्या पिकात नंतर शिरणाऱ्या मजूर बाईची चर्चा अजून झालेली नाही. अनुदानाच्या प्रत्येक शेडनेटच्या दारावर फवारणीची तारीख, घटकाचं नाव आणि आत कधी जायचं ते लिहिलेली पाटी हवी. तिला फार खर्च नाही. अनुदानाच्या अटींत एक ओळ वाढवली की काम झालं.

हे सगळं अशक्य आहे असं कोणी आपल्याला सांगेल, म्हणून स्पेनचं उदाहरण देते. अल्मेरिया हा तिथला कोरडा, पावसाचा तुटवडा असलेला भाग, हजारो हेक्टरवर प्लास्टिकखाली ढोबळी मिरची पिकवणारा. २००६ च्या अखेरीस तिथल्या मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचे अंश जर्मनीत सापडले आणि बाजार हादरला. त्यानंतर दोन-तीन हंगामांतच तिथल्या बहुतेक मिरची उत्पादकांनी फुलकिडे आणि पांढरी माशी खाणारे परभक्षी कोळी व ढेकूण नेटमध्ये सोडायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पाठीशी सल्लागार होते आणि मित्रकिडी वेळेवर पुरवणारी व्यवस्था होती. आपल्याकडे बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत मित्रकिडींची जिवंत पैदास होते, परभणीला आपलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. यांतलं काहीही आमच्या नेटच्या दारापर्यंत पोचत नाही. इथल्या उन्हाळ्यात तग धरणारी मित्रकीड कोणती आणि ती कधी सोडायची, याच्या चाचण्या शेतकऱ्यांच्याच नेटमध्ये घेण्याचं काम परभणीकडे सोपवावं.

जाळीविषयीही बोललं पाहिजे. सावलीची जाळी ऊन अडवते, किडी अडवत नाही. पांढरी माशी रोखायला बाजूंनी ४० मेशची (एका इंचात ४० छिद्रांची) कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार लागतं. फुलकिड्यांसाठी त्याहून बारीक विणीची जाळी लावावी, तर हवा अडून आत उष्णता वाढते. मराठवाड्याच्या हवेत या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, याचा विचार अनुदानाच्या आराखड्यात व्हायला हवा. आज सगळीकडे जवळपास एकाच साच्याचं शेडनेट उभं राहतं.

माझी मुख्य मागणी एकच आहे. ज्या तालुक्यात शेडनेटची संख्या मोठी आहे, तिथे निदान एक पूर्णवेळ पीक संरक्षण तज्ज्ञ नेमा. त्याला पंचनामे, निवडणूक, सर्वेक्षण असं दुसरं कुठलंही काम देऊ नका. त्याने आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या गावांत यावं, भिंगाने पान बघावं, चिकट सापळ्यावरचे फुलकिडे मोजावेत आणि निदान व उपाय चिठ्ठीवर लिहून सही करून द्यावेत. दुकानदाराने त्या चिठ्ठीप्रमाणे औषध द्यावं. २००९-१० मध्ये सोयाबीन, कापूस, तूर, हरभऱ्यासाठी क्रॉपसॅपची कीड सर्वेक्षण व्यवस्था याच राज्याने उभी केली होती. शेतातल्या किडी मोजून वेळेवर सल्ला देता येतो, हे आपल्याच खात्याने दाखवलेलं आहे.

यंदाची ढोबळीची रोपं ऑगस्टमध्ये लागतील आणि दिवाळीनंतर रात्री थंड पडल्या की भुरी सुरू होईल. ही नेमणूक लागवडीआधी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक शेडनेटधारक शेतकरी
ता. भोकरदन, जि. जालना