चार्जरच्या पुढचा आकडा सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाईलच्या बॉक्समधून चार्जर गायब व्हायला लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. ॲपलनं २०२० साली आयफोन १२ पासून सुरुवात केली, तेव्हा सगळे हसले, आणि २०२१ च्या जानेवारीत सॅमसंगनंही एस२१ सोबत तेच केलं, आणि आता मधल्या किमतीच्या बऱ्याच मोबाईलमध्येसुद्धा बॉक्स उघडला की मोबाईल, एक केबल आणि सिम काढायची पिन, बास. म्हणजे चार्जर निवडायचं काम कंपनीनं आपल्यावर ढकललं. ते काम कसं करायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून हे पत्र. छापायला लांब वाटलं तर कात्री लावा, पण केबलचा भाग तेवढा ठेवा.

माझा धंदा रेडिओ-टीव्ही रिपेरीचा, आता दुकान मुलाकडे दिलंय, पण गल्लीतली मंडळी अजून काही बिघडलं की माझ्याकडेच येतात, आणि हल्ली टीव्ही कमी आणि चार्जरच जास्त येतात. सगळ्यांचे प्रश्न दोनच. "काका, जास्त वॅटचा लावला तर मोबाईल जळंल काय ओ?" आणि दुसरा, "एवढा पासष्ट वॅटचा आणला तरी चार्जिंग हळूच का होतंय?"

फास्ट चार्जिंग म्हणजे पोरांचं फॅड असं काही जणांना वाटतं, मला नाही वाटत. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पलीकडं जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात जाऊन बघा. झाड पडलं, तार तुटली की लाईट कधी येईल सांगता येत नाही, आणि आली तरी किती वेळ टिकेल तेही सांगता येत नाही. तेवढ्या वेळात मोबाईल वीस टक्क्यांवर अडकला की सत्तरवर गेला याला तिथं अर्थ आहे. पोरगा गोव्यात नाहीतर पुण्यात कामाला, आईवडील गावात, आणि सगळं बोलणं त्या एका मोबाईलवर.

तर आधी भीतीचं बघू. जास्त वॅटच्या चांगल्या चार्जरनं मोबाईल जळत नाही. पंगतीत वाढपी मोठं पातेलं घेऊन आला म्हणून कुणी जास्त जेवत नाही, ताटावर हात आडवा धरला की तो पुढं जातो, तसंच हे. चार्जरवरचा वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तेवढंच, किती घ्यायचं ते मोबाईल ठरवतो. केबल लावली की सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट येतात, मग दोघांचं आपसात बोलणं होतं, चार्जर सांगतो माझ्याकडं ५ आहे, ९ आहे, १५ आहे, मोबाईल म्हणतो मला ९ दे, आणि मगच व्होल्टेज वाढतं. लॅपटॉपचा टाईप-सी चार्जर मोबाईलला लावला तरी काही होत नाही, इंजिनिअरिंगची पोरं हॉस्टेलवर रोज तेच करतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच बोलण्यात आहे. बोलायची पद्धत दोघांची एक नसली तर गाडी ५ व्होल्टवरच अडते, चार्जर शंभर वॅटचा असू दे नाहीतर दोनशेचा. आणि पद्धती एक-दोन नाहीत. यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी ही सगळ्यांची सामायिक, आयफोनला ती पुरते, २० वॅटचा पीडी चार्जर असला की बऱ्याच आयफोनची बॅटरी अर्ध्या तासात निम्म्यावर जाते. सॅमसंगला पीडी चालते पण पूर्ण स्पीडसाठी तिच्यातलाच पीपीएस नावाचा प्रकार लागतो, ज्यात व्होल्टेज एकदम ५ वरून ९ वर उडी न मारता ०.०२ व्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी कमीजास्त होतं, त्यामुळं मोबाईलच्या आत उष्णता कमी होते. पीपीएस नसलेला ६५ वॅटचा चार्जर सॅमसंगला लावला तर साधारण १५ वॅटवर चालतो, आणि पीपीएसवाला २५ वॅटचा त्याला मागं टाकतो. आमच्या गल्लीत याच्यावरून एकदा पैज लागली होती, वडापाव मी जिंकला.

वनप्लस, ओप्पो, रियलमी ही एका घराण्यातली. त्यांची व्हूक, सुपरव्हूक ही घरची पद्धत, व्होल्टेज कमी ठेवायचं आणि अँपिअर भरपूर सोडायचे. शाओमीची, विवोची आपापली वेगळी. ह्या मोबाईलना ८० नाहीतर १२० वॅट लिहिलेलं असतं ते त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच केबलवर. बाहेरचा पीडी लावला तर चार्ज होतो, पण किती वेगानं ते मॉडेलप्रमाणं बदलतं, काही नवीन मॉडेल बरंच घेतात, जुनी रडतखडत. म्हणून ह्या घराण्यातला मोबाईल असेल आणि बॉक्समध्ये चार्जर आला असेल तर तो जिवापाड जपा, पाहुण्याला देऊ नका, निपाणीला लग्नाला गेला की तिथं विसरून येऊ नका. बाहेर तसा चार्जर मिळत नाही असं नाही, पण जास्त करून मिळतं ते त्याचं चित्र छापलेलं काहीतरी.

आता खडेबाजारात नाहीतर गणपत गल्लीत जाऊन हातात एखादा चार्जर घ्या. पुढच्या बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरात १२० वॅट. दुकानदार म्हणतो, "घ्या की ओ काका, अर्ध्या तासात फुल्ल." तो उलटा करा. पिनांच्या बाजूला करड्या रंगात मुंगीएवढी अक्षरं असतात, डोळ्यांना दिसत नसतील तर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा आणि मोठा करून वाचा, मी तेच करतो. इनपुट सोडा, तिथं बहुतेक १०० ते २४० व्होल्ट असतं, म्हणजे उन्हाळ्यात शेतातले पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलं तरी चालतं. आउटपुटची ओळ बघा. व्होल्ट आणि अँपिअर असे जोडीनं लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा, वॅट येतात, चौथीच्या पोराचं गणित आहे. मागं फक्त ५ व्होल्ट, ३ अँपिअर असं असेल तर तो १५ वॅटचा चार्जर झाला, पुढं सोन्यानं १२० लिहू दे नाहीतर हिऱ्यामोत्यानं.

ताडून बघायला नमुना सांगतो. सॅमसंगच्या २५ वॅटच्या चार्जरवर पीडीओच्या (म्हणजे पीडीतल्या ठरावीक व्होल्टेजच्या) पुढं ९ व्होल्ट २.७७ अँपिअर किंवा ५ व्होल्ट ३ अँपिअर असतं आणि त्याखाली पीपीएस, ३.३ ते ५.९ व्होल्ट ३ अँपिअर किंवा ३.३ ते ११ व्होल्ट २.२५ अँपिअर. ह्या खालच्या ओळीसाठीच पैसे मोजायचे. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर अशीच ओळ असेल तर तोही चालतो, सॅमसंगचाच पाहिजे असं काही नाही. दोन-तीन भोकांचा चार्जर घेणाऱ्यांनी अजून एक ओळ वाचायची, ६५ वॅट लिहिलंय ते सगळ्या भोकांचं मिळून असतं, दोन मोबाईल लावले की वाटणी होते, आणि वाटणी झाल्यावर कुणाच्या वाट्याला काय येतं तेही तिथंच खाली बारीक अक्षरात असतं.

सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून किती वाद होतात ते तुमच्याच पेपरात वाचतो. चार्जरवरची पाटी ना कन्नडात ना मराठीत, आणि असती तरी कुणाच्या डोळ्यांना दिसली नसती, त्यामुळं तिथं मात्र सगळे समान.

केबलवर येतो, कारण घोळ इथंच होतो. चार्जर हजाराचा घेतात आणि केबल फुटपाथवरची पन्नासची. पीडीचं ते बोलणं दोन्हीकडं टाईप-सी (जुन्या आयफोनला मोबाईलकडं लायटनिंग) असलेल्या केबलमधूनच होतं, जुनी चपटी यूएसबी एका बाजूला असली की पीडी विसरा. (ओप्पो-वनप्लसच्या बऱ्याच केबलींना एका बाजूला चपटी यूएसबी असते ते वेगळं, त्यांची पद्धत वेगळी.) साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे पीडीत ६० वॅटपर्यंत चालते. त्याच्यावर ५ अँपिअर पाहिजे असतील तर केबलच्या टोकात एक बारीक चिप असावी लागते, ती चार्जरला सांगते की मला सोसतं, सोड. सॅमसंगचा ४५ वॅटवाला मोबाईल असेल तर ५ अँपिअरची केबल मागून घ्या, नाहीतर ४५ चा चार्जर घेऊन २५ वरच बसाल आणि शिव्या चार्जरला घालाल. लांब केबलचा मोह नको, स्वस्तातल्या लांब केबलीत तांबं नावाला असतं, वाटेतच व्होल्टेज पडतं.

ह्याच्या उलटही गंमत आहे. स्वस्तातली टॉर्च, ट्रिमर, स्पीकर यांना टाईप-सीचं भोक असतं पण नव्या सी-टू-सी केबलनं ते चार्जच होत नाहीत, आणि लोक म्हणतात वस्तू बिघडली. बिघडलेली नसते, आतले दोन पैशांचे रेझिस्टर बसवायचे कंपनीनं वाचवलेले असतात, ते नसले की चार्जरला कळतच नाही पलीकडं काही जोडलंय. जुनी चपटी यूएसबीवाली केबल लावा, चार्ज होते. घरातली एक जुनी केबल त्यासाठी ठेवा.

आता सुरक्षेचं, आणि इथं मी थोडा चिडूनच लिहितो. दीडशे-दोनशेच्या चार्जरमध्ये काय नसतं ते मी उघडून बघितलंय. २३० व्होल्टची बाजू आणि मोबाईलकडची बाजू यांच्यात जी मोकळी जागा सोडायची असते ती नखाएवढीपण नसते, ट्रान्सफॉर्मरवर टेप एकच पदर, फ्यूजच्या जागी नुसती तार. हे फुटलं तर तोंडाशी मोबाईल धरलेला असतो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडं मोबाईल चार्जरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे, चार्जरवर आयएसआयसारखा शिक्का नसतो, तर बीआयएसचं चिन्ह आणि त्याच्याखाली आर अक्षर आणि आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी फुकट ॲप आहे, त्यात तो नंबर टाका, बनवणाऱ्याचं आणि ब्रँडचं नाव येतं. हातातल्या डब्यावर एक नाव आणि ॲपमध्ये भलतंच आलं तर तो चार्जर दुकानातच ठेवा. नंबर नुसता छापून टाकणारेही आहेत म्हणून सांगतोय.

चार्जिंगला लावलेल्या मोबाईलच्या धातूच्या कडेला हलक्या झिणझिण्या येतात अशीही तक्रार असते. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरलाही थोडं तसं जाणवतं, आतल्या कपॅसिटरमुळं, त्यात घाबरायचं नाही. पण हात मागं ओढावा असा झटका बसला तर तो चार्जर त्या क्षणी कचऱ्यात, आणि वायर कापून टाका म्हणजे दुसरा कुणी उचलून लावणार नाही. वळवाच्या पावसात विजा व्हायला लागल्या की चार्जर प्लगातून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. फास्ट चार्जिंग सुरुवातीलाच फास्ट असतं, ऐंशी टक्क्यांनंतर मोबाईल स्वतःच हात आखडता घेतो, त्यामुळं शेवटच्या वीस टक्क्यांसाठी चार्जरला दोष देऊ नका. बॅटरीचं खरं वैर उष्णतेशी, उशीखाली, उन्हात, गेम खेळत चार्ज करणं बंद करा. आणि लाईट बिलाची काळजी करणाऱ्यांना सांगतो, ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास, चार्जरमधला तोटा धरला तरी एका युनिटात चाळीसेक वेळा मोबाईल भरतो. फास्ट चार्जरनं बिल वाढत नाही, गिझर बघा आधी.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना टाईप-सी सक्तीचं झालंय, फास्ट चार्जिंग देणाऱ्यांना पीडीपण द्यावीच लागते, आणि बॉक्सवर चित्र काढून लिहावं लागतं की ह्या मोबाईलला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती वॅट लागतात. आपल्याकडं तसं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या मोबाईल दुकानदारांना एवढीच विनंती, मोबाईल विकताना बिलावरच पेननं लिहून द्या, पीडी, पीपीएस की घरची पद्धत, किती वॅट, केबल ३ ची की ५ ची. अर्धा मिनिट लागतो. आणि चार्जर घ्यायला आलेल्याला पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच त्याचा मोबाईल लावून बघू द्या, तोपण बॅटरी निम्म्याच्या खाली असताना, भरलेल्या बॅटरीवर कुठलाच चार्जर पळत नाही. सॅमसंगच्या स्क्रीनवर सुपर फास्ट असं येतं की नुसतं फास्ट ते तिथल्या तिथं दिसतं. "इलेक्ट्रिक माल परत नाही" अशी पाटी लावायची आणि लावूनपण बघू द्यायचं नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही. बिल मागा, आणि दुकानदार ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

आपला,
एक जुना वाचक
शहापूर, बेळगाव