रविवारी एक पान घेऊन ये

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. पीएचडीचे गाईड महिना-महिना भेटत नाहीत म्हणून वैतागलायस. मर्दा, त्यांच्यावर राग काढून काय उपयोग? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनी एका प्रोफेसरकडे पीएचडीचे आठ जण असू शकतात. वर त्यांचे तास, पेपर तपासणी, मीटिंगा. आणि खरं सांगू, तुझे निम्मे प्रश्न त्यांना विचारण्यासारखे नाहीतच. सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याची, सुरुवात कशी करायची, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला कुठला प्रबंध आधी उघडायचा, सहामाही प्रेझेंटेशनला कमिटी कुठं अडवते, हे त्यांना आता कुठलं आठवायला! तुझ्यापुढं दोन वर्षं असलेल्याला आठवतं, कारण तो तिथंच नुकता अडकलेला असतो.

रविवारी बेळगावात टिळकवाडीत एकाच्या खोलीवर आम्ही पीएचडी करणारे जमतो. कोणी इथल्याच राणी चन्नम्मा विद्यापीठातलं, कोणी निपाणीचं पण नोंदणी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, एक जण व्हीटीयूतला, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठातला. विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि तेच बरं आहे. परवा इतिहासवाल्या ताईंनी अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. व्हीटीयूतला कन्नड पोरगा शांतपणे म्हणाला, "अक्का, पानं भरपूर झाली, पण तुम्हाला म्हणायचंय काय?" ताई चिडल्या. चहा झाल्यावर पेन मागून घेतलं आणि पहिली चार पानं खोडली.

याच ताई मोडी लिपी सराईत वाचतात. बैलहोंगलच्या एका कन्नड मुलाला पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद वाचायचेत, तर त्या त्याला दर आठवड्याला मोडी गिरवायला लावतात. तो आमचे कन्नडमधले अर्ज भरून देतो, जुन्या कन्नड कागदपत्रांचा अर्थ लावून देतो. सीमाप्रश्नावर दोघांचं एकमत होणं शक्य नाही. ते भांडण चहाच्या वेळेपुरतं राखून ठेवलंय.

सगळ्यांचं सगळंच ऐकायचं नाही मात्र. विषयच बदल म्हणणारे सिनियर पुष्कळ भेटतील. ते तू आणि गाईड बघा. पैसे भरले की आठवड्यात शोधनिबंधाचा पेपर छापून देणाऱ्या जर्नलचा नंबरही एखादा मित्रच देतो. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं २०२२ मध्येच काढलीय, तरी तुझ्या विद्यापीठाचा नियम तू स्वतः वाच, ऐकीव नको. दुसऱ्यांच्या लिखाणाशी असलेलं साम्य दहा टक्क्यांच्या आत आणतो म्हणून मजकूर फिरवून देणारे असतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस.

पीएचडीला सहा वर्षांची मुदत आहे म्हणून निवांत बसू नकोस. सुरुवातीचा अभ्यासक्रम, म्हणजे कोर्सवर्क, धरून सहा, लेका.

तर येत्या रविवारी ये. तुझ्या विषयावर एक पान लिहून आण, हातानं लिहिलेलं चालेल. सुधारत बसू नकोस, आहे तसं आण. आणि बेळगावी मिठाई कुंदा आणायला विसरलास तर आमची ताई पहिल्या वाक्यातच तुला अडवेल, आम्ही कोणी मधे पडणार नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दोस्त