नोकरी सांभाळून तबला

भुसावळ, मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

ऑफिसातून आल्यावर तबल्याला जेमतेम अर्धा तास मिळतो म्हणतेस. पुष्कळ झाला. पोटासाठी वाजवणाऱ्याला आज लग्न, उद्या ऑर्केस्ट्रा, जे येईल ते घ्यावं लागतं. तू महिनाभर एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच रचना, संथ लयीत घोटलीस तरी कोण विचारणार? पगार दुसरीकडून येतो त्याचं हेच सुख. पण तबला बेसूर असेल तर त्या अर्ध्या तासाची माती होते.

आपल्या खानदेशातल्या कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणली जाते, सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. कूलरसमोर तर बसूच नकोस, ओली हवा थेट पुडीवर येते. आधी कडेने असलेल्या सोळाही घरांवर, चाटेवर म्हणजे पुडीच्या काठाच्या पट्टीवर, 'ना' वाजवून ऐक. सगळाच सूर उतरला असेल तर बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोक, पण समोरासमोरचे, आलटून पालटून. एकाच बाजूने ठोकत गेलीस की पुडी तिरकी ओढली जाते आणि मग काही केल्या घरं जुळत नाहीत. एखादंच घर उतरलं असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर, वरून हलकी हातोडी, चढलं असेल तर खालून. शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, किंवा तिच्या भोवतीच्या मैदानावर हातोडी कधीच नाही.

शहाद्यातल्या बायकांच्या भजनी मंडळात जातेस ते उत्तम. तिथे कुणी तुझं ऑफिसातलं पद विचारत नाही, ठेका सुटला की मात्र लगेच सांगतात. त्या बायका काळी चारला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून गात असतील तर तुझा काळी एकचा साडेपाच इंची तबला चालेल, तो त्यांच्या मध्यमात, म्हणजे 'म'मध्ये बोलतो. यमन रागातलं भजन असलं की मात्र हा शुद्ध मध्यम खुपतो. तिथे त्यांचा पंचम, 'प', म्हणजे काळी दोन लागते. त्यासाठी हाच तबला ओढू नकोस, पुडी फाटेल. सव्वापाच इंची तबला मागून घे.

टाळ लय चढवतात, हा नेहमीचा त्रास. त्यांच्यामागे धावायचं नाही. भरीचे बोल गाळ, नुसता आठ मात्रांचा ठेका धर, डग्ग्यावरची सम, म्हणजे पहिली मात्रा, ठळक ठेव. दोन आवर्तनांत टाळ जागेवर येतात. घरी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लावून हाच ठेका पाच मिनिटं.

विशारदच्या परीक्षेची घाई नको. हातोडी एसटीच्या पार्सलने पाठवतेय. आणि तबला गाडीच्या डिकीत राहू देऊ नकोस, उन्हाने शाईला तडे जातात.

तुझी आई