एडिटची किल्ली मालकाच्या खिशात

महोदय,

‘कुशल कामगार मिळत नाहीत’ ही आम्हा लघुउद्योजकांची तक्रार आपल्या वृत्तपत्रात वारंवार वाचायला मिळते. भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी-व्हीएमसी जॉबवर्कचं शॉप आहे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग घडवून देण्याचा कारखाना. ऑफिस धरून २६ माणसं. तक्रार खोटी नाही. ‘सेटर पाहिजे, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे’ असे बोर्ड आमच्या भागात बारा महिने लटकलेले असतात. (सेटर म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणारा, ऑपरेटर म्हणजे ती चालवणारा.) पण तोच बोर्ड लावून आम्ही हजार-दीड हजार जास्त देऊन एकमेकांचीच माणसं ओढतो, आणि नवा सेटर घडवायला मात्र फार थोडे मालक तयार असतात. मालकांच्या बैठकीत हा विषय निघत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर एक छोटी किल्ली असते. ती बंद ठेवली की प्रोग्राममध्ये बदल करता येत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक शॉपमध्ये ही एडिटची किल्ली मालकाच्या नाहीतर एखाद्या जुन्या सेटरच्या खिशात असते. ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब काढतो, गेज लावून बघतो. माप हललं की सेटरला हाक मारतो आणि तो येईपर्यंत उभा राहतो. आयटीआयला दोन वर्षं मशिनिस्ट किंवा टर्नरचा ट्रेड करून आलेला, ड्रॉइंग वाचता येणारा मुलगा तीन वर्षांनंतरही हेच करत असतो. मग चाकणला कुणी दोन हजार जास्त देतो म्हटल्यावर त्याने का थांबायचं? थांबून त्याच्या हाताला नवीन काय लागणार होतं?

मालकांची भीती मला पूर्ण समजते. ऑफसेट, म्हणजे टूल आणि जॉबच्या जागेचे आकडे, भरताना दशांशचिन्ह एक घर सरकलं तर टूल थेट जॉबमध्ये किंवा तो पकडणाऱ्या व्हाइसमध्ये घुसतं. टूल फिरवणारा स्पिंडल गेला तर मशीन कित्येक दिवस बंद, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. पण या भीतीवर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. आमच्याकडे ऑपरेटरला आधी फक्त वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेपुरती दुरुस्ती, बदलायला देतो, तोही एका वेळी ०.०५ मिलिमीटरच्या आत आणि वहीत नोंद करून. त्यात हात बसला की टूल लेंग्थ, म्हणजे टूलची लांबी भरणं, मग जी-५४, म्हणजे जॉबचा शून्यबिंदू घेणं, आणि त्यानंतर चालू प्रोग्रामची दुरुस्ती. नव्या सेटिंगला खऱ्या मटेरियलच्या आधी नायलॉनचा तुकडा लावायचा, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ थांबत, चालवायचं, रॅपिड, म्हणजे मशीनच्या रिकाम्या हालचालीचा वेग, २५ टक्क्यांवर ठेवायचा आणि सेटरने शेजारून हलायचं नाही. असं शिकवल्यावर किल्ली ऑपरेटरच्या हाती देताना माझा जीव खालीवर होत नाही.

प्रत्येक टप्प्याला पगार किती वाढणार, ते आम्ही कागदावर लिहून हजेरीच्या मशीनशेजारी लावलं आहे. लातूरकडच्या एका मुलाने त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. पुढे काय मिळणार हे घरच्यांना दाखवता येणं या मुलांसाठी फार मोठं आहे. लग्नाची बोलणी चालू असताना ‘पुण्याला कंपनीत आहे’ एवढ्यावर आता कुणी मुलगी देत नाही. हुद्दा विचारतात, पगाराची स्लिप बघतात. दुचाकीच्या कर्जालाही बँक तीच स्लिप मागते. आणि आमच्यातले कितीतरी जण आजही वर्षानुवर्षं राबणारा माणूस ठेकेदाराच्या नावावर दाखवतात, नेमणूकपत्र देत नाहीत. स्वतःच्या नावाचं आयकार्ड आणि वेळेवर भरलेला पीएफ एवढं केलं तरी माणूस टिकायला मदत होते, हा माझा अनुभव आहे.

पाळ्यांचंही तेच. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या ही लहान शॉपमधली रीतच झाली आहे. मुलंच ओटी, म्हणजे जादा तासांचं काम, मागतात, असं मालक सांगतात. मागतात हे खरं आहे, कारण आठ तासांच्या पगारात खोलीभाडं आणि खानावळ भागवून घरी पाठवायला काही उरत नाही. ओटीला दुप्पट दर कायद्यात आहे, पण मला माहीत असलेल्या अनेक ठिकाणी तो एकेरीच मिळतो. बारा तास उभं राहिलेल्या माणसाला नंतर जी-कोड, म्हणजे मशीनच्या प्रोग्रामची भाषा, शिकायला बस म्हणणं अन्यायाचं आहे. शिकवायचं तर पाळीच्या वेळेत, पगार देऊन.

‘शिकवलं की पळतात’ हे वाक्य मी फार ऐकतो. आमच्याकडूनही शिकलेली काही मुलं गेली. त्यातल्या एकाने नंतर स्वतःच्या गावातले दोघे आमच्याकडे पाठवले. साठच्या दशकात टेल्को, म्हणजे नंतरची टाटा मोटर्स, पिंपरीत उभी राहिली तेव्हा कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षणाला मोठं महत्त्व दिलं. तिथे शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी कारागिरांनी पुढे याच परिसरात स्वतःची शॉप टाकली. मी स्वतः औंधच्या आयटीआयचा टर्नर. अप्रेंटिस असताना एका फोरमनने मला कामाच्या वेळेत मायक्रोमीटर धरायला शिकवला, म्हणून आज माझं शॉप आहे.

अप्रेंटिसशिप फक्त मोठ्या कंपन्यांसाठी असते, असा समज आमच्याकडे पक्का बसला आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, पण चार माणसांच्या शॉपलाही ते घेता येतात. राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त दरमहा १,५०० रुपये, वाटा केंद्र सरकार उचलतं. फक्त अप्रेंटिसला झाडू आणि पॅकिंगवर लावू नये. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयच्या मुलाला सरकार दरमहा ८,००० रुपये देतं. त्या योजनेतून आलेली मुलं काही ठिकाणी महिनोन्महिने डिबरिंग, म्हणजे नुसत्या धारदार कडा घासायचं काम, करताना मी पाहिली आहेत. मुदत संपल्यावर त्यांनी दुसऱ्या शॉपला जाऊन काय सांगायचं?

आमच्या ब्लॉकमधल्या पाच-सहा मालकांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. प्रत्येकाने आपले दोन ऑपरेटर बुधवारी दुपारच्या पाळीत तीन तास मोकळे करावेत आणि त्या तासांचा पगार कापू नये. गुरुवार नको, तो त्यांच्या सुट्टीचा दिवस आहे. सर्वांचे सेटर आळीपाळीने शिकवतील. माझं एक जुनं व्हीएमसी त्या वेळेत रिकामं ठेवायला मी तयार आहे. टूल आणि मटेरियलचा खर्च वाटून घेऊ. शिकलेल्या मुलाला निदान वर्षभर एकमेकांकडून ओढायचं नाही, एवढं मालकांनी आपसात ठरवावं. मुलाला स्वतःहून जायचं असेल तर मात्र त्याला कुणी अडवू नये, त्याचे कागद अडकवून ठेवू नयेत.

— एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे