शाफ्टची किल्ली कोणाकडे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रोडला एका बावीस मजली टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर आम्ही राहतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूलच्या खालच्याच ओळीत 'हायस्पीड इंटरनेट' छापलं होतं. ते काय प्रकरण आहे हे पहिल्या पावसाळ्यात कळलं. फायबर आली होती फक्त गच्चीपर्यंत. तिथे एक पेटी, पेटीत स्विच, आणि तिथून घरोघरी साधी लॅन केबल. पेटीची वीज कॉमन मीटरवरची. लाइट गेली की जनरेटरवर लिफ्ट चालते, पंप चालतो, ही पेटी मात्र बंद. घरात इन्व्हर्टरवर राउटरचे दिवे लागलेले, नेट नाही. सूनबाई अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री काम करते. तिने किती मीटिंगा अर्ध्यावर सोडल्या ते तिलाच विचारा.

मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा, असं सांगणारे भेटतात. मोबाइल टॉवरच्या अँटेना सहसा खाली, रस्त्याकडे झुकवलेल्या असतात. त्यामुळे इतक्या उंचावर फोन चार टॉवर पकडतो आणि एकाशीही धड बोलत नाही.

दुसऱ्या कंपनीची थेट घरापर्यंत येणारी फायबर घ्यावी, तर कमिटीचं उत्तर ठरलेलं: 'आपली एकच कंपनी ठरलीय.' कोणी ठरवली, किती वर्षांसाठी, सोसायटीला त्यातून काय मिळतं, हे सभेच्या एकाही इतिवृत्तात सापडलं नाही. दोन वर्षं मागे लागल्यावर दुसरी कंपनी एकदाची आली.

मग गेल्या महिन्यात मॉडेमवर लाल दिवा लुकलुकायला लागला. वायरमन मुलगा आला, मीटर लावून म्हणाला, "काका, पॉवर मायनस एकतीस येतेय, पंचविसाच्या आत पाहिजे." म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश फारच क्षीण. सगळ्या मजल्यांच्या वायरी ज्यातून वर जातात त्या शाफ्टची किल्ली वॉचमनकडे नव्हती, ती सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि मी पहिल्यांदाच आत डोकावलो. मनगटाएवढ्या जाड वायरींचा गुंता, एकीलाही फ्लॅट नंबरची चिठ्ठी नाही. कधीच गाशा गुंडाळून गेलेल्या केबलवाल्याच्या मेलेल्या वायरी तशाच लोंबकळताहेत. आमची फायबर त्यांच्याखाली दबून काटकोनात मुडपलेली, आणि शेजारीच उंदराने कुरतडलेली दुसरी कोणाची तरी. मुलाने आमची सोडवून सरळ केली, दिवा हिरवा झाला. तासाभरात चौदाव्या मजल्यावरून फोन, 'आमचं नेट गेलं!' विजेच्या मोठ्या केबलीही त्याच शाफ्टमधून जातात. मजल्यांमधली भोकं बुजवलेली नाहीत. आग लागली तर धूर कुठून वर येईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या साऱ्याचा विचार सरकारदरबारी झालेला नाही असं नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श बांधकाम उपविधींना मार्च २०२२ मध्ये इमारतींमधल्या दूरसंचार सुविधांसाठी पुरवणी जोडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ट्राय' या दूरसंचार नियामकाने इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे देण्याचे विनियमही काढले. पण आदर्श उपविधी म्हणजे नमुना, तो राज्याने आणि पालिकेने उचलला तर उपयोग. आणि तारे मिळवायला जाणार तो, ज्याची इमारत आधीच बरी आहे.

भोगवटा प्रमाणपत्र देताना अग्निशमन आणि लिफ्टची कागदपत्रं बघतात. त्याच वेळी दूरसंचाराचा स्वतंत्र डक्ट आहे का, त्यात निदान तीन-चार कंपन्यांच्या वायरी मावतील का आणि जनरेटरवरचा एक प्लग तिथे आहे का, एवढं पालिकेने पाहावं. सगळ्या मजल्यांची फायबर बिल्डरने एकदाच ओढून सोसायटीच्या नावावर करावी. मग कंपनी तळमजल्यावर जोडणी करेल आणि ग्राहक हवी ती निवडेल. जुन्या इमारतींत कमिटीने कंपनीशी केलेला करार सूचनाफलकावर लावायला काय हरकत आहे? पाण्याच्या पाइपाचा वॉल्व्ह कुठे आहे हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. शाफ्टची दुसरी किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी, असा लेखी अर्ज मी दिला आहे. पोचपावतीवर सही घ्यायची आहे. सेक्रेटरी अजून गावाहून आलेले नाहीत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे