एका वादात एकच नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येकाला आधार कार्डाशी जोडलेलं एकच नाव असावं, दुसरं नाव घेतलं की खातं कायमचं बंद करावं, अशी मागणी गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी आपल्या वाचकपत्रांत केली आहे. त्यांचा वैताग मला कळतो. मागणी मात्र पटत नाही. या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकारही आहे, कारण हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. तोही इंटरनेट यायच्या कितीतरी आधी, याच शहरात, एका वर्तमानपत्राच्या पत्रांच्या सदरात.

गोष्ट १९८४ ची. मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला गटारीचं काम अर्धवट पडलेलं. मी नाव-गाव लिहून रीतसर पत्र धाडलं, ते छापून आलं आणि काहीही झालं नाही. मग ‘वरील पत्रलेखकाशी मी पूर्ण सहमत आहे’ असं पत्र ‘एक त्रस्त रहिवासी’ या नावाने पाठवलं. तेही छापलं. धीर चेपला. तिसरं पत्र एका गृहिणीचं गेलं. ही गृहिणी त्या गटारीत पाय घसरून पडली होती, तिच्या हातातलं दूध सांडलं होतं. लिहिणारा मी आणि वाचून गलबललोही मीच.

आठवड्याभरात कचेरीतून कार्ड आलं, येऊन भेटा. पत्रांचं सदर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडले आणि एकेका कागदावर बोट ठेवत गेले. तिन्हीकडे ‘झ’ जुन्या वळणाचा. मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “टोपणनाव घ्या, नाव छापू नका म्हणा, आमचं काही म्हणणं नाही. नावं धा घ्या की! पण गटार एक, तक्रार करणारा एक आणि नाकं तीन, हे कसलं?” मग चहा पाजला. गटार पुढच्या पावसाळ्याच्या आत झाली. कुणामुळे झाली, देव जाणे.

मला वाटतं, या सगळ्या वादातलं मर्म त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. दोन नावं असण्यात खोट नाही. एकाच भांडणात दोन तोंडांनी बोलण्यात आहे.

नाहीतर मराठीत नावांची कमी कधी होती? राम गणेश गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिल्या, विनोद बाळकराम म्हणून लिहिला आणि नाटकं स्वतःच्या नावावर. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू झाले. जयवंत दळवींनी ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवल्या. आणि त्याही आधी, १८४८ साली, ‘प्रभाकर’मधून आपल्याच समाजाला खडे बोल सुनावणारे लोकहितवादी म्हणजे सरकारी नोकरीतले गोपाळ हरि देशमुख. एक माणूस एक नाव असा नियम तेव्हा असता, तर यांतली किती पानं छापली गेली असती?

ही झाली मोठ्यांची नावं. साध्या माणसालाही दुसरं नाव लागतं, आणि आपल्या कोल्हापुरात तर जास्तच लागतं. इथं ‘कोणच्या पेठेतला?’ आणि ‘कुणाचा रं तू?’ हे दोन प्रश्न झाल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. आमच्या नात्यातली एक मुलगी आहे. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. दवाखाने चालू आहेत. बायकांच्या एका ग्रुपवर ती दुसऱ्या नावाने विचारते, कुठलं औषध झेपतं, खर्च किती येतो, सासूला काय सांगायचं. तिथं खरं नाव लावलं तर दिवे लागायच्या आत सासरी फोन जाईल. त्याच वेळी ती स्वतःच्या नावाने पाककृती टाकते, भाच्याच्या बारशाचे फोटो टाकते. ही बाई खोटी आहे का? (याहून जास्त खूण मी देणार नाही. तिचं दुसरं नाव मलाही माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही.)

आता दुसरी बाजू, ज्यामुळे त्या गृहस्थांना पत्र लिहावंसं वाटलं असावं. आमच्या भागातल्या एका मंडळाने फेसबुकच्या ग्रुपवर मतदान घेतलं, यंदा विसर्जन मिरवणुकीला डॉल्बी की पारंपरिक हलगी-घुमकं. मंडळाचे सभासद शंभराच्या आत, डॉल्बीला मतं एकशे बारा. त्यावर हसून सोडून दिलं असतं, पण खाली चर्चा चालली होती. गल्लीतल्या एका बाईंनी लिहिलं की घरात दोन महिन्यांचं बाळ आहे, आवाजाने खिडक्या थरथरतात. त्यावर रात्री साडेअकरानंतर दहा मिनिटांत चौघे तुटून पडले. एकाचा फोटो जोतिबाचा, एकाचा गुलाबाचं फूल, दोघांना फोटोच नाही. ‘आम्हाला परंपारिक नको’, ‘परंपारिक पाहिजे त्यांनी गावाकडं जावं’, असलं काहीबाही.

मी उभा जन्म चुका शोधण्यात घातला. चौघंही पारंपरिकला ‘परंपारिक’ लिहितात? चौघंही प्रश्नचिन्हाच्या आधी जागा सोडतात? चौघांचा धनी कोण तेही ओळखलं, कारण त्याच्या वडिलांच्या लग्नाची पत्रिका मीच तपासली होती आणि शुद्धलेखन त्या घराण्यात तेव्हाही यथातथाच होतं. दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या डेअरीवर भेटला. म्हटलं, “भावा, पारंपरिक लिहावं.” त्याचा चेहरा असा उतरला की मला माझा ‘झ’ आठवला. मी पुढं काही बोललो नाही.

पण नुकसान होऊन गेलं होतं. त्या बाईंनी आपलं लिहिलेलं पुसलं आणि ग्रुप सोडला. तिला वाटलं, सगळी गल्ली आपल्या विरोधात आहे. समोर होता एकटाच पोरगा, आणि त्याच्या आईने बाळाच्या बारशाला तिच्या घरी घुगऱ्या खाल्ल्या होत्या.

तेव्हा आधार जोडा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा, की औषध रोगाला लागू पडतं का? दक्षिण कोरियाने हे करून बघितलं आहे. २००७ पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर मत मांडण्याआधी खरी ओळख पटवावी लागे. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीची खाती फोडली गेली आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनापीठाने तो कायदाच रद्द केला. आणि खऱ्या नावाने माणूस सभ्य होतो म्हणावं, तर आपल्या शहराने २०२३ चा जून बघितला आहे. मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस ओळखीपाळखीच्या लोकांना दिसतं, तिथं मुखवट्याचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या जित्याजागत्या माणसाचं नाव आणि फोटो चोरून पैसे मागणं ही वेगळी गोष्ट. तो तोतया. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला पेशव्यांनीही सोडलं नव्हतं. पण टोपणनाव आणि तोतया यांना एका दावणीला बांधू नये. फेसबुकनेसुद्धा २०२३ पासून एका खात्यात आणखी चार प्रोफाइल काढायची मुभा दिली आहे, म्हणजे एकच नाव हवं असा हट्ट धरणाऱ्यांनीही तो थोडा सैल केलाच.

मग नियम काय असावा? आपल्याकडे फुटबॉल कळतं, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. खेळाडूने हंगाम संपल्यावर पेठ बदलली तर आपण चार दिवस शिव्या घालतो आणि विसरतो. पण एकाच सामन्यात पहिल्या हाफला पाटाकडील संघाची जर्सी आणि दुसऱ्या हाफला समोरच्या दिलबहारची, असं शाहू स्टेडियमवर करून बघा! मुलीने औषधांची चर्चा एका नावाने करावी, पाककृती दुसऱ्या नावाने. एका चर्चेत मात्र एकच नाव, मतदानात एकच मत, आणि दुसऱ्या नावाने स्वतःची पाठ थोपटायची नाही. हे मोडलं तर दोन्ही नावं बाहेर.

यात अडचण आहे, ती लपवत नाही. दोन नावांमागचा माणूस कुणाला तरी माहीत असायला हवा. वर्तमानपत्रात ते काम संपादक करतात आणि तोंड बंद ठेवतात. ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे बहुतेक वेळा आपल्यातलाच कुणीतरी; मिसळीची दुसरी कट येईपर्यंत त्याने सगळ्यांची नावं फोडलेली असणार. शिवाय तो स्वतःच एका बाजूचा असतो. आमच्या मंडळाचा अ‍ॅडमिन डॉल्बीवालाच आहे. म्हणून निदान मतदान तरी ग्रुपवर न घेता देवळात, हात वर करून घ्यावं, असं मी मंडळाला सुचवलं आहे. अजून उत्तर नाही.

एक विनंती. माझं नाव-पत्ता खाली दिला आहे, तो आपल्यापाशीच ठेवावा; तो पोरगा समोरच राहतो आणि मला त्याला उघडं पाडायचं नाही. हे पत्र मुद्दाम हाताने लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात या पत्राची वाहवा करणारं दुसरं पत्र आलं, तर अक्षर ताडून बघावं. ‘झ’ अजून तसाच आहे.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर