छापणाऱ्याचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला केनियातील वृत्तपत्रे आणि पुस्तकांवरचा लेख वाचला. केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो यांच्यावरचा भाग तर दोनदा वाचला. लेखात लेखक आहेत, संपादक आहेत, राष्ट्राध्यक्षही आहेत. छापखानेवाला मात्र कुठेच नाही. पुण्यात चाळीस वर्षे छापखाना चालवला आणि त्यातली पहिली बारा छपाईचे खिळे जुळवण्यात गेली, म्हणून मलाच हे जास्त खटकले असेल.

‘स्टँडर्ड’ हे तिथले जुने दैनिक इंग्रजांनी काढले असा लेखाचा सूर आहे. ते १९०२ साली मोंबासात साप्ताहिक म्हणून निघाले ते अलीभाई मुल्ला जीवनजी यांच्या पैशाने. जीवनजी कराचीचे, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यातलेच. १९०५ मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकले आणि पुढे ते गोऱ्या मळेवाल्यांची बाजू मांडू लागले, हा भाग वेगळा. १९२१-२२ च्या सुमारास आफ्रिकी नेते हॅरी थुकू यांची पत्रके नैरोबीत मणिलाल देसाई यांच्या छापखान्यात छापली जात. १९३३ साली ‘कलोनियल टाइम्स’ काढणारे गिरधारीलाल विद्यार्थी राजद्रोहाच्या खटल्यांत तुरुंगात गेले. हेन्री मुओरिया यांचे गिकुयू या तिथल्या भाषेतले वृत्तपत्र ‘मुमेन्येरेरी’सुद्धा भारतीयाच्याच छापखान्यातून निघे. भाषा मालकाला येत असेल-नसेल, पण पोलीस आले की पहिले दार त्याचेच वाजायचे.

आणीबाणीत माझ्याकडे एक गृहस्थ हस्तपत्रक घेऊन आले. मजकूर तसा साधा, चार ओळींचा. जाताना दारात थांबून म्हणाले, “खाली तुमच्या प्रेसचं नाव नाही घातलंत तरी चालेल.” नाव घालणे तेव्हा १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते. रात्री मी ती शेवटची ओळ जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. पुढे काय केले ते इथे सांगत नाही.

म्हणून न्गुगींचे प्रकाशक हेन्री चकावा यांचे नाव लेखात यायला हवे होते. न्गुगींनी कामिती तुरुंगात शौचालयाच्या कागदावर कादंबरी लिहिली हे तुम्ही दिले आहे. (तो कागद कैद्यांना त्रास व्हावा म्हणून मुद्दाम खरखरीत दिलेला, पण खरखरीत कागदावर पेन चांगले चालते, हे आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल.) पण तो मजकूर गिकुयूत पुस्तक म्हणून काढायचे चकावांनी ठरवले, तेव्हा त्यांना धमक्या आल्या आणि १९८० साली त्यांच्यावर हल्ला होऊन बोट जायबंदी झाले. पुस्तक तरीही निघाले. पाच हजारांची आवृत्ती महिनाभरात संपली, आणखी पाच हजार काढल्या, डिसेंबरात पुन्हा पाच हजार. वाचता न येणारे लोक दारूच्या गुत्त्यात जमत, एकजण मोठ्याने वाचे, आणि ग्लास रिकामा झाला की तो थांबे. मग ऐकणारे त्याला पाजत. आपल्याकडे पारावर ‘केसरी’ असाच वाचला जाई, फक्त बिगर दारूचा. हजाराची आवृत्ती गोदामात पाच-पाच वर्षे पडलेली पाहणाऱ्याला हे आकडे स्वप्नातले वाटतात.

पुढेही चित्र फार पालटले नाही. १९८७ मध्ये न्गुगींच्याच ‘मातिगारी’च्या प्रती पोलिसांनी दुकानांतून उचलल्या. २००२ मध्ये सरकारने प्रकाशकाने भरायची हमी दहा हजार शिलिंगवरून एकदम दहा लाखांवर नेली. १९१० च्या प्रेस ॲक्टाखाली आपल्याकडे मागितल्या जाणाऱ्या जामिनाचाच हा भाऊ. आणि मार्च २००६ मध्ये बुरखे घातलेले पोलीस त्याच ‘स्टँडर्ड’च्या छापखान्यात घुसले, अंकांचे गठ्ठे जाळले, यंत्रे बंद पाडली. रात्रपाळीच्या कामगारांचे काय झाले असेल, हाच विचार माझ्या मनात आधी आला.

पुढच्या वेळी लेखासोबत पुस्तकांची यादी द्याल तेव्हा प्रत्येक पुस्तकाखाली प्रकाशक आणि मुद्रणालयही द्यावे, एवढीच विनंती. एकेक ओळ लागेल. तुमच्या स्वतःच्या अंकात ती ओळ शेवटच्या पानावर तळाशी, सर्वात बारीक टाइपात रोज असतेच.

आपला,
एक निवृत्त मुद्रक, पुणे